पाठ, शाखा आणि विलीनीकरण : आवृत्ती-नियंत्रण प्रणालींच्या निवडीची मीमांसा

पाठभेद हा संहितेच्या वाटेतील अडथळा मानावा की तिच्या इतिहासाचा पुरावा, हा पाठचिकित्सेतील जुना वाद आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा १२५९ हस्तलिखितांचा आधार घेतला गेला आणि स्वीकारलेल्या पाठाखाली नाकारलेले पाठही नोंदवले गेले. विष्णु सीताराम सुखठणकर यांनी आखून दिलेल्या या पद्धतीत वगळलेल्या श्लोकालाही स्वतःचा पत्ता असतो. उद्या कोणाला संपादकाचा निर्णय अमान्य झाला तर तो मागे जाऊन वेगळी वाट धरू शकतो. ज्ञानेश्वरीच्या बाबतीत असे झाले नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध केली. पण त्यांच्यासमोर कोणत्या प्रती होत्या आणि कोणता पाठ कोणत्या कारणाने सोडला, याची नोंद त्या प्रतीसोबत आली नाही. पुढे १९०९ साली वि. का. राजवाडे यांनी एकनाथपूर्व म्हणून एक प्रत प्रसिद्ध केली आणि तिच्या प्राचीनत्वाविषयी वाद सुरू झाला. बदलाची नोंद न राहिल्याची किंमत पुढच्या पिढीला मोजावी लागते, ती अशी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न एका नव्या व्यवसायापुढे उभा राहिला. सॉफ्टवेअर लिहिणारा आज्ञावलीकार जे लिहितो ती अखेर संहिताच असते : ओळींनी बनलेली, अनेकांच्या हातांतून गेलेली, सतत दुरुस्त होणारी. एखाद्या मोठ्या प्रकल्पात हजारो माणसे एकाच संहितेत रोज बदल करतात आणि त्यातील एका चिन्हाची चूकही संपूर्ण यंत्रणा बंद पाडू शकते. कोणी, केव्हा, काय आणि का बदलले याची बिनचूक नोंद ठेवणे ही तेथे विद्वत्तेची हौस नसून रोजची गरज आहे. या गरजेतून आवृत्ती-नियंत्रण प्रणाली निर्माण झाल्या. गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत अशा अनेक प्रणाली आल्या आणि गेल्या, आणि प्रत्येक वेळी लेखकसमूहांना त्यांतील एक निवडावी लागली. त्या निवडीची कारणे वरवर तांत्रिक दिसतात. निर्णयांचे उपलब्ध दस्तऐवज वाचले असता मात्र वेग आणि अचूकता यांच्या बरोबरीने सवय, निष्ठा, मालकी आणि शेजाऱ्यांचे अनुकरण ही कारणे तेथे आढळतात. साहित्याच्या अभ्यासकांना ती अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

विवेचनापूर्वी चार संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. सर्व आवृत्त्यांचा साठा म्हणजे भांडार. एका वेळी केलेल्या बदलांचा, कर्त्याच्या नावासह, वेळेसह आणि कारणासह जतन केलेला संच म्हणजे नोंद. मूळ धारेपासून फुटून स्वतंत्रपणे वाढणारी संहितेची परंपरा म्हणजे शाखा. आणि दोन शाखांतील बदल पुन्हा एका पाठात आणणे म्हणजे विलीनीकरण. हस्तलिखितांच्या वंशवृक्षाशी परिचय असलेल्या वाचकाला यातील पहिल्या तिन्ही कल्पना ओळखीच्या वाटतील. चौथी मात्र निराळी आहे. दोन हस्तलिखित-परंपरांचा संकर हा पाठचिकित्सकाला त्रासदायक वाटतो, कारण त्याने वंशवृक्ष गढूळ होतो. आज्ञावलीकाराचे सारे काम संकरावरच चालते. फक्त त्या संकराची नोंद तो ठेवतो.

कुलुपाकडून विलीनीकरणाकडे

पहिली महत्त्वाची प्रणाली बेल प्रयोगशाळेत मार्क रॉकाइंड यांनी १९७२ मध्ये तयार केली. सोर्स कोड कंट्रोल सिस्टिम, संक्षेपाने एससीसीएस, हे तिचे नाव. दहा वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिखी यांनी आरसीएस ही प्रणाली रचली. दोहोंतील एक फरक उद्‌बोधक आहे. पहिलीत सर्व आवृत्त्यांच्या ओळी एकाच फाइलमध्ये विणलेल्या असत, त्यामुळे जुनी असो वा नवी, कोणतीही आवृत्ती काढण्यास सारखाच वेळ लागे. आरसीएसमध्ये मुख्य धारेची ताजी आवृत्ती संपूर्ण ठेवलेली असे आणि मागे जाण्यासाठी लागणारे फरक तेवढे साठवलेले असत. वाचकाला बहुधा ताजी प्रतच हवी असते, हे टिखी यांनी ओळखले होते.

या दोन्ही प्रणालींत कुलुपाची पद्धत होती. एकाने फाइल दुरुस्तीसाठी घेतली की ती परत येईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. ग्रंथालयातील एकुलती एक पोथी नेणाऱ्याने इतरांना जसे ताटकळत ठेवावे, तसेच हे. ही अडचण ज्या प्रसंगातून दूर झाली तो प्रसंग साधा आहे. ॲम्स्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठातील डिक ग्रून हे १९८४-८५ मध्ये दोन विद्यार्थ्यांसमवेत सी भाषेच्या एका संकलकावर काम करीत होते. एक विद्यार्थी ठरल्या वेळी येणारा, दुसरा अनियमित, आणि स्वतः ग्रून यांना केवळ संध्याकाळ मोकळी. तिघांच्या वेळा जुळेनात, म्हणून ग्रून यांनी आरसीएसवर आधारलेली अशी काही साधने लिहिली की तिघांनाही एकाच वेळी, एकमेकांसाठी न थांबता काम करता यावे आणि बदल नंतर एकत्र करता यावेत. १९८६ मध्ये ती खुली झाली. १९८९ मध्ये ब्रायन बर्लिनर यांनी तिला नवे रूप दिले. हीच सीव्हीएस, जिने पुढे नव्वदीच्या दशकातील बहुतेक मुक्त प्रकल्प सांभाळले. एवढी दूरगामी रचना तिघांच्या वेळापत्रकातून जन्मावी, ही गोष्ट कारणमीमांसा करणाऱ्याने विसरू नये.

सीव्हीएसचे दोष तिच्या वापरकर्त्यांना तोंडपाठ होते. तिचा इतिहास फाइलगणिक वेगळा असे, त्यामुळे दहा फाइलींत मिळून केलेला एक बदल भांडारात दहा सुटे तुकडे होऊन पडे. नोंद करताना मध्येच संपर्क तुटला तर अर्धा बदल आत आणि अर्धा बाहेर राही. फाइलचे नाव बदलले की तिची मागची वंशावळ हरवे. हे दोष दूर करावेत, पण वापरणाऱ्याची सवय मोडू नये, या स्पष्ट हेतूने कोलॅबनेट या कंपनीने २००० साली सबव्हर्जनचे काम हाती घेतले. तिची पहिली पूर्ण आवृत्ती फेब्रुवारी २००४ मध्ये निघाली. सबव्हर्जन लवकर रुजली, कारण सीव्हीएस जाणणाऱ्याला नवे फारसे शिकावे लागत नव्हते. निवडीमागचे हे कारण कमी प्रतीचे मानण्याची प्रथा आहे. ते बरोबर नाही. शंभर जणांची शिकलेली हातोटी ही त्या समूहाची मत्ता असते आणि ती टाकून देण्याचा खर्च खराच असतो.

उद्योगजगतात निवडीचे स्वरूप त्या काळी आणखी वेगळे होते. मोठ्या कंपन्यांत क्लिअरकेस, लहान चमूंत व्हिज्युअल सोर्ससेफ, अशा विकत घ्यावयाच्या प्रणाली चालत. पुणे, मुंबई, बंगळूर, हैदराबाद येथील सेवा-कंपन्यांत काम करणाऱ्या मराठी आज्ञावलीकाराला तर निवडीचा अधिकार क्वचितच असे. प्रणाली कोणती हे परदेशातील ग्राहक ठरवी, आणि प्रकल्प बदलला की साधन बदले. एकाच व्यक्तीने पाच वर्षांत चार प्रणाली हाताळल्या, पण एकही निवडली नाही, हा अनुभव त्या पिढीत दुर्मीळ नाही.

एप्रिल २००५

लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्याचे प्रकरण या इतिहासात मध्यवर्ती आहे. तिचे प्रवर्तक लिनस टोरवाल्ड्स यांनी पहिली दहा-अकरा वर्षे कोणतीच आवृत्ती-नियंत्रण प्रणाली वापरली नाही. सहकाऱ्यांनी बदलांचे कागद ईमेलने पाठवावेत आणि त्यांनी ते निवडून संहितेत घालावेत, असा परिपाठ होता. सीव्हीएसविषयीचा तिटकारा त्यांनी कधी लपवला नाही. तिच्या केंद्रीय रचनेत एकच भांडार असते आणि तेथे लिहिण्याचा अधिकार कोणाला द्यायचा यावरून गट पडतात, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. हजारो लोकांचा विस्कळीत समूह अशा एका दाराने आत येणे त्यांना अशक्य वाटे.

२००२ मध्ये त्यांनी बिटकीपर स्वीकारली. या प्रणालीत प्रत्येकाजवळ संपूर्ण इतिहासासह स्वतःचे भांडार असे आणि बदलांची देवाणघेवाण भांडाराभांडारांत होई. पण ती लॅरी मॅक्व्हॉय यांच्या कंपनीची खासगी मालमत्ता होती. मुक्त प्रकल्पांना ती विनामूल्य मिळे, तीही अटींवर. फुकट वापरणाऱ्याने स्पर्धक प्रणालीच्या कामात भाग घेऊ नये, ही त्यांतील एक अट. मुक्त संहितेचा सर्वांत मोठा प्रकल्प बंदिस्त साधनावर उभा राहावा, याबद्दल अनेकांनी निषेध नोंदवला. टोरवाल्ड्स यांचे उत्तर व्यवहाराचे होते : उपलब्ध साधनांत हे सर्वांत चांगले आहे. पुढे ॲन्ड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या भांडाराशी बोलू शकणारे स्वतंत्र साधन तयार करण्याचे काम सुरू केले. कंपनीने त्यावर आक्षेप घेतला आणि एप्रिल २००५ मध्ये विनामूल्य आवृत्ती मागे घेण्याचे जाहीर केले. तीन वर्षांचे काम ज्या पायावर उभे होते तो पायच काढून घेतला गेला.

तेव्हा उपलब्ध असलेल्या मुक्त प्रणालींपैकी मोनोटोनची रचना टोरवाल्ड्स यांना आवडली, परंतु ती त्यांच्या कामासाठी फार संथ होती. ३ एप्रिल रोजी त्यांनी स्वतःच्या प्रणालीचे लेखन आरंभले आणि ७ एप्रिलला ती प्रणाली स्वतःच्याच संहितेची नोंद ठेवू लागली. तीच गिट. जूनमध्ये निघालेली लिनक्सची २.६.१२ ही आवृत्ती गिटच्या साहाय्याने सांभाळली गेली आणि जुलैअखेर गिटची जबाबदारी जुनिओ हमानो यांच्याकडे सोपवण्यात आली. त्याच एप्रिल महिन्यात, त्याच कारणाने, मॅट मॅकल यांनी मर्क्युरिअल ही दुसरी प्रणाली जाहीर केली. एकाच आपत्तीतून दोन आठवड्यांच्या अंतराने जन्मलेल्या या दोन प्रणालींची पुढची पंधरा वर्षे चाललेली स्पर्धा हा या विषयातील सर्वांत बोधप्रद अध्याय होय.

दोन्ही प्रणाली विकेंद्रित होत्या. दोहोंत प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या आशयावरून गणिताने काढलेल्या ठशाने ठरे, त्यामुळे मागच्या इतिहासातील एक अक्षर जरी कोणी गुपचूप बदलले तरी पुढचे सारे ठसे बदलून चोरी उघडी पडे. लेखनिकाने नकळत घातलेला क्षेपक जेथे दडूच शकत नाही अशी ही पाठपरंपरा म्हणावी लागेल. फरक होता तो स्वभावात. मर्क्युरिअलच्या आज्ञा मोजक्या आणि सुसंगत होत्या, विंडोजवर ती नीट चाले. गिटच्या आज्ञा अनेक, त्यांची नावे गोंधळात टाकणारी, आणि अंतर्रचना समजल्याखेरीज ती नीट वापरता येणे कठीण. पण ती अत्यंत वेगवान होती आणि शाखा करणे तिच्यात जवळजवळ फुकट होते. शिवाय तिच्या मागे लिनक्सचे नाव होते.

पायथनचे दोन निर्णय

निवडीची कारणे लेखी स्वरूपात वाचायला मिळणे दुर्मीळ असते. पायथन या आज्ञाभाषेच्या समूहाने मात्र आपले निर्णय सविस्तर प्रस्तावांच्या रूपाने नोंदवून ठेवले आहेत, आणि त्याच समूहाने सुमारे सात वर्षांच्या अंतराने जवळजवळ उलटे निर्णय घेतले आहेत. तुलनेला याहून चांगली सामग्री मिळणे कठीण.

पायथनची संहिता २००५ मध्ये सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर आली होती. विकेंद्रित प्रणालीकडे जाण्याचा विचार सुरू झाला तेव्हा ब्रेट कॅनन आणि सहकाऱ्यांनी गिट, मर्क्युरिअल आणि बझार या तिघींची परीक्षा घेतली. नित्याच्या कामातील प्रसंग मांडून प्रत्येक प्रणालीत ते काम कसे होते हे शेजारी शेजारी लिहून दाखवले, वेग मोजला, सहकाऱ्यांची मते घेतली. गिट बाद झाली ती मुख्यतः दोन कारणांनी : विंडोजवर तिचा आधार त्या वेळी सर्वांत कमकुवत होता, आणि समूहातील अनेकांना ती नकोशी होती. बझार संथ ठरली. मार्च २००९ मध्ये मर्क्युरिअलची निवड झाली आणि २०११ मध्ये स्थलांतर पूर्ण झाले. मर्क्युरिअल स्वतः बव्हंशी पायथनमध्येच लिहिलेली होती. आपल्या भाषेत लिहिलेले साधन आपल्या माणसांना उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते, ही सोय होतीच. तीत स्वभाषेच्या अभिमानाचा अंश नव्हता असे मानणे भाबडेपणाचे होईल.

त्यानंतर साधनांत फारसा फरक पडला नाही, जग मात्र बदलले. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या संकेतस्थळाने गिटभोवती एक वस्ती उभी केली. तेथे कोणाच्याही भांडाराची प्रत आपल्या नावावर काढावी, बदल करावा आणि मूळ मालकाकडे स्वीकारासाठी विनंती पाठवावी, अशी सोय होती. त्यामुळे परक्या माणसाने पहिले योगदान देण्यातील संकोच पुष्कळ कमी झाला. २०१६ च्या पहिल्याच दिवशी कॅनन यांनी निर्णय जाहीर केला की पायथन गिटहबवर जाईल. १० फेब्रुवारी २०१७ रोजी ते स्थलांतर झाले. स्पर्धेत गिटलॅब हा पर्याय होता आणि त्याची मूळ संहिता खुली असल्याने तत्त्वतः तो मुक्त समूहाला जवळचा होता. तरीही गिटहब निवडण्याची जी कारणे नोंदवली गेली ती तीन : बहुतेकांना तेथे वावरण्याची सवय आहे, दुसरीकडे जावे असे कोणतेही निर्णायक वैशिष्ट्य प्रतिस्पर्ध्याकडे नाही, आणि भाषेचे जनक खिदो व्हान रोसम यांची पसंती गिटहबला आहे.

दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवले की प्रश्नच बदलल्याचे दिसते. २००९ मध्ये विचारले गेले, कोणते साधन आपल्या कामाला योग्य? २०१६ मध्ये विचारले गेले, नवे हात कोठे आहेत? स्वयंसेवकांवर चालणाऱ्या प्रकल्पात दुसरा प्रश्न अधिक निकडीचा असतो आणि त्याचे उत्तर साधनाच्या गुणांवर अवलंबून नसते. मोडी आणि बाळबोध यांची जोडी येथे आठवावी. मोडी मागे पडली ती लिहिण्यास गैरसोयीची होती म्हणून नव्हे. भरभर लिहिण्यासाठीच तर ती होती. मुद्रणाने बाळबोध उचलली, शाळा आणि पुस्तके तिच्यात आली, आणि वाचक जेथे असतो तेथे लेखकाला जावेच लागते.

मर्क्युरिअलचा उतार पुढे वेगाने झाला. बिटबकेट या स्थळाची सुरुवातच मर्क्युरिअलच्या भांडारांसाठी झाली होती. त्याने २०२० मध्ये तिचा आधार संपूर्ण काढून घेतला. तेथील भांडारे नष्ट होणार होती. फ्रान्समधील इन्रिया या संस्थेने सुरू केलेल्या सॉफ्टवेअर हेरिटेज या संग्रहाने ती वेळेत उतरवून घेतली. २००७ पासून मर्क्युरिअल वापरणाऱ्या मोझिला समूहाने २०२३ मध्ये फायरफॉक्सच्या विकासासाठी केवळ गिट वापरण्याचे ठरवले. दोन्ही प्रणाली एकाच वेळी सांभाळण्याचा भार हे त्यामागील सांगितलेले कारण होते. व्यावसायिक आज्ञावलीकारांच्या अलीकडच्या पाहण्यांत गिट वापरणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक आढळते.

अपवादांची साक्ष

या एकतर्फी चित्रात उरलेले अपवाद नीट पाहण्यासारखे आहेत, कारण ज्यांना बहुसंख्येबरोबर जाणे शक्य असूनही ज्यांनी ते टाळले त्यांची कारणे अधिक स्पष्ट असतात.

ईमॅक्स या संपादकाच्या समूहाने २००९ च्या अखेरीस बझार स्वीकारली. बझार हे त्या वेळी ग्नू परिवाराचे अधिकृत साधन होते, आणि परिवाराने परिवारातील साधन वापरावे, असा रिचर्ड स्टॉलमन यांचा आग्रह होता. बझारचा विकास मंदावला, तक्रारी वाढल्या, तरी निष्ठेने पाच वर्षे काढली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ईमॅक्सही गिटवर आला. निष्ठेवर केलेली निवड चुकीचीच ठरते असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही. ओपनबीएसडी हा प्रकल्प आजही सीव्हीएसवर चालतो आणि त्याच्या सुरक्षिततेविषयीच्या लौकिकाला त्याने काही उणेपण आलेले नाही.

दुसरा अपवाद आकाराचा. फेसबुकने २०१४ मध्ये जाहीर केले की त्यांचे अवाढव्य भांडार मर्क्युरिअलवर नेले आहे. गिट त्या आकाराला संथ होत होती आणि भांडाराचे तुकडे करण्याचा सल्ला त्यांना मानवला नाही. मर्क्युरिअलची रचना मात्र आतून वाढवण्यास सोपी होती. त्याच कामातून निघालेली सॅपलिंग ही प्रणाली २०२२ मध्ये खुली झाली. गूगलने आपल्या संहितेसाठी पायपर ही स्वतःचीच प्रणाली घडवली. २०१५ च्या आरंभी तीत सुमारे दोनशे कोटी ओळी होत्या. मायक्रोसॉफ्टने उलट दिशा धरली : ३५ लाख फाइलींचे, ३०० गिगाबाइटचे विंडोजचे भांडार २०१७ मध्ये गिटवर आणले आणि त्यासाठी गिटच्या खाली एक नवा थर बांधला. साधन आपल्या मापाचे करून घेण्याइतके बळ ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्या निवडीवरून इतरांनी धडा घेऊ नये.

संगणकीय खेळ तयार करणाऱ्यांत पर्फोर्स ही १९९५ पासूनची केंद्रीय प्रणाली टिकून आहे. त्यांच्या भांडारात अक्षरांपेक्षा चित्रे, ध्वनी आणि त्रिमित आकृती अधिक असतात. दोन चित्रकारांनी एकाच चित्रात केलेले बदल ओळीओळींनी जुळवता येत नाहीत, म्हणून येथे जुने कुलूपच उपयोगी पडते. विलीनीकरण हा अक्षरसंहितेचा विशेषाधिकार आहे, हे या उदाहरणावरून कळते.

साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत जवळचा वाटावा असा अपवाद फॉसिलचा आहे. एसक्यूलाइट या विदागाराचे कर्ते रिचर्ड हिप यांनी ती स्वतः लिहिली आणि २००९ पासून त्यांच्या प्रकल्पाची संहिता तीत आहे. गिटमध्ये इतिहास प्रसिद्ध करण्यापूर्वी तो पुन्हा लिहिता येतो : चुकलेल्या, अडखळलेल्या नोंदी एकत्र करून, क्रम लावून, जणू लेखक सरळ रेषेत विचार करीत गेला असा स्वच्छ मजकूर मागे ठेवता येतो. अनेक समूहांत हीच शिस्त मानली जाते, कारण पुढच्या वाचकाला घडामोडींच्या कचऱ्यातून अर्थ शोधावा लागत नाही. हिप यांना हे अमान्य आहे. इतिहासाने जे घडले तेच सांगावे, जे घडायला हवे होते ते नव्हे, अशी त्यांची भूमिका असल्याने फॉसिलमध्ये अशी पुनर्रचना मुद्दामच ठेवलेली नाही. एका बाजूला सुवाच्य मुद्रणप्रत, दुसऱ्या बाजूला खाडाखोडीसह कच्चा खर्डा. लेखकांच्या खर्ड्यांतून निर्मितीचा मार्ग शोधणारी फ्रान्समधील जननसमीक्षा नेमकी या दुसऱ्या बाजूची आहे. गिटच्या प्रसारामुळे जगातील बहुसंख्य आज्ञावलींचा जो इतिहास पुढे अभ्यासकांच्या हाती येईल, त्यातील बराचसा संपादित इतिहास असेल.

याच संदर्भात डार्क्सचा उल्लेख टाळता येत नाही. भौतिकीचे अभ्यासक डेव्हिड राउंडी यांनी घडवलेल्या या प्रणालीत मूलभूत घटक बदल हा आहे, आवृत्ती नव्हे. गिटच्या दृष्टीने संहिता म्हणजे एकामागून एक घेतलेली संपूर्ण छायाचित्रे. डार्क्सच्या दृष्टीने ती बदलांचा असा संच की ज्यांचा क्रम, जेथे ते परस्परांवर अवलंबून नाहीत तेथे, मागेपुढे करता येतो. संकल्पना म्हणून ही मांडणी अधिक देखणी आहे. पण काही विलीनीकरणांत तिचा वेळ आवाक्याबाहेर वाढे, आणि हॅस्केल भाषेच्या प्रमुख संकलकाच्या समूहानेही २०११ मध्ये तिला निरोप दिला.

भांडार कोणाच्या अंगणात?

विकेंद्रित म्हणून जन्मलेली गिट आज व्यवहारात मोठ्या प्रमाणावर एका केंद्राभोवती नांदते, हा या इतिहासातील विरोधाभास आहे. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब ७५० कोटी डॉलरना विकत घेतले. जुलै २०१९ मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे इराण, सिरिया आणि क्रिमिया येथील वापरकर्त्यांच्या खात्यांवर बंधने आली. इराणपुरती ती जानेवारी २०२१ मध्ये उठली. ज्यांची भांडारे अडकली त्यांच्यापाशी गिटच्या स्वभावामुळे संपूर्ण इतिहासाची प्रत होती. परंतु बदलांवर झालेली चर्चा, आक्षेप, स्वीकार-नकाराची कारणे हे सारे गिटच्या भांडारात नसते. ते स्थळाच्या मालकाच्या संग्रहात असते. पाठ हाती राहिला आणि संपादकीय पत्रव्यवहार गेला, असा हा प्रकार. बिटकीपरच्या प्रसंगातील धोका वेगळ्या रूपाने परत आला आहे, आणि पायथनच्या २०१६ च्या निर्णयात त्याचे वजन सवयीपेक्षा कमी भरले.

भारतीय भाषांतील संहितांचे संगणकीय संपादन करू पाहणाऱ्यांना ही चर्चा आता परकी राहिलेली नाही, आणि त्यांच्या अडचणी काही निराळ्याही आहेत. गिट आणि तिच्यासारख्या प्रणाली फरक दाखवतात तो ओळीनुसार. आज्ञावलीची ओळ आखूड असते. मराठी गद्याचा परिच्छेद मात्र संगणकाच्या लेखी एक सलग ओळ असू शकतो. एक अनुस्वार दुरुस्त केला तरी अख्खा परिच्छेद बदलला असे नोंदले जाते. शब्दागणिक फरक दाखवण्याची सोय आहे, परंतु ती मोकळ्या जागेवरून शब्द ओळखते. प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिणाऱ्या भाषेत एका प्रत्ययाचा बदल संपूर्ण शब्दाचा बदल ठरतो. ओवीचा प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीत ठेवला की ही अडचण जवळजवळ संपते. पद्याला ही यंत्रे गद्यापेक्षा अधिक अनुकूल आहेत.

त्याहून सूक्ष्म अडचण अक्षरांच्या संकेतांची आहे. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. त्याआधीच्या आणि नंतरच्याही पुष्कळ मजकुरात ते ‘अ’ आणि अर्धचंद्र अशा दोन घटकांनी लिहिलेले आढळते. ‘वाऱ्या’ या शब्दातील अर्धा रकारही दोन वेगवेगळ्या संकेतक्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, युनिकोडच्या समीकरणाच्या नियमांनीही ते एकरूप होत नाहीत, आणि आवृत्ती-नियंत्रण प्रणाली त्यांना निःशंकपणे पाठभेद म्हणून नोंदवते. डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रेग यांनी १९५०-५१ मध्ये अर्थवाही भेद आणि केवळ लेखनविषयक भेद अशी विभागणी केली होती. येथे भेदांचा तिसरा, अदृश्य वर्ग निर्माण झाला आहे. त्याला आवर घालायचा तर भांडारात पहिली नोंद होण्यापूर्वीच सर्व मजकूर एका संकेतात आणावा लागतो, आणि ते काम कोणतीही प्रणाली आपण होऊन करीत नाही. फाइलींना देवनागरी नावे दिली तर गिट मूळ मांडणीत ती अक्षरांऐवजी तिरप्या रेषा आणि आकड्यांच्या साखळीने दाखवते. एक मांडणी बदलली की नावे दिसू लागतात, पण ती बदलावी लागते हे नवख्या संपादकाला कोणी सांगत नाही.

अशा संपादकमंडळापुढे आज प्रत्यक्षात जो पर्याय उरतो तो गिट की मर्क्युरिअल असा नाही. गिट जवळजवळ गृहीत आहे, कारण मदतीला येणाऱ्या तरुणाला तीच येते. निवड करायची आहे ती पुढच्या गोष्टींची : भांडार परक्या कंपनीच्या स्थळावर ठेवायचे की विद्यापीठाच्या यंत्रावर, पाठनिर्णयाची कारणे स्थळावरील चर्चेत लिहायची की नोंदीतच, आणि चुकलेले, मागे घेतलेले निर्णय इतिहासातून पुसायचे की राहू द्यायचे. यातील शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे भांडारकर मंदिरातील संपादकांनी कागदावर, संगणकाशिवाय, देऊन ठेवली आहेत.